एसीपीकडून केएसकडे: पॉलिकेटाइड सिंथेजची मॉड्यूलं बदलताना प्रथिनांची जुळणी कशी साधावी

एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक बनवणाऱ्या सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया या जिवाणूत तीन प्रचंड मोठी प्रथिनं मिळून त्या औषधाचा सांगाडा रचतात. प्रत्येकाचं वजन तीन लाख डाल्टनहून जास्त. केंब्रिजमधल्या पीटर लेडले यांच्या गटाने १९९० मध्ये आणि अ‍ॅबट कंपनीतल्या लिओनार्ड कॅट्झ यांच्या गटाने १९९१ मध्ये या यंत्रणेची जनुकं उलगडली. तिचं नाव ६-डीऑक्सीएरिथ्रोनोलाइड बी सिंथेज, म्हणजेच डीईबीएस. लहान तुकडे एकेक करून जोडत लांब साखळी बांधणाऱ्या अशा एन्झाइमांना पॉलिकेटाइड सिंथेज म्हणतात. साखळी लांबवणारी सहा मॉड्यूलं, प्रत्येकाकडे वाढीचा एकेक टप्पा, आणि जनुकातल्या क्रमानेच रेणूची घडण. हे पाहून अनेकांच्या मनात एकच विचार आला: मॉड्यूलं बदलली की रेणू बदलेल.

ते खरं आहे, पण अर्धंच. बदललेली यंत्रणा बहुतेक वेळा रेणू बनवते, फक्त इतक्या मंद गतीने की तिचा उपयोग होत नाही. असं झालं की बहुतेकांची पहिली शंका सक्रिय केंद्रावर जाते: नव्या मॉड्यूलला हा परका रेणू चालत नसेल. माझं म्हणणं असं की त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. रेणू घेऊन आलेल्या प्रथिनाला पुढचं प्रथिन ओळखतं का? स्लॅब टाकताना माणसांची रांग घमेली हातोहात पुढे देते. घमेल्यात काय भरलंय यापेक्षा शेजाऱ्याचा हात नेमक्या जागी आणि नेमक्या वेळी येतो का, यावर कामाचा वेग ठरतो. पुढचा सगळा लेख या हातांबद्दल आहे. एमएस्सी किंवा पीएचडीच्या टप्प्यावर पहिल्यांदाच मॉड्यूल बदलायला निघालेल्यांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी कोण कोणाला भेटतं ते लिहून काढा

साध्या मॉड्यूलमध्ये तीन डोमेन, म्हणजे आपापलं काम करणारे प्रथिनाचे भाग, असतातच. केएस म्हणजे केटोसिंथेज, साखळीला नवा तुकडा जोडणारं. एटी म्हणजे अ‍ॅसिलट्रान्सफरेज, हा तुकडा निवडून आणणारं. एसीपी म्हणजे अ‍ॅसिल कॅरिअर प्रथिन, साखळी वाहून नेणारं. सोबत केआर, म्हणजे केटोरिडक्टेज, किंवा इतर बदल करणारी डोमेनं असू शकतात. शेवटच्या मॉड्यूलला टीई, म्हणजे थायोएस्टरेज, जोडलेलं असतं. ते साखळी सोडवतं आणि बहुधा तिचं वलय बांधतं.

एसीपी आकाराने लहान, चार हेलिक्सची जुडी. त्यातल्या एका सेरिनवर फॉस्फोपँटेथीनचा लवचीक दांडा बसवलेला असतो आणि वाढती साखळी त्याच्या टोकाला लटकते. दांडा सुमारे २० अँगस्ट्रॉम लांब. आता ही संख्या बघा: २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या चैतन खोसला यांच्या गटाने मॉड्यूल ५ मधल्या केएस-एटी तुकड्याची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. तिच्यात केएस आणि एटी यांच्या सक्रिय केंद्रांत सुमारे ८० अँगस्ट्रॉम अंतर निघालं. दांडा कितीही ताणला तरी तो तिथे पोहोचत नाही. म्हणजे अख्खा एसीपी उठून एका जागेवरून दुसरीकडे जातो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला थोडा वेळ नेमका बसावं लागतं. हे खोसला आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. या क्षेत्रातल्या बऱ्याच मूलभूत प्रयोगांवर त्यांच्या प्रयोगशाळेचा ठसा आहे, त्यामुळे त्यांचं नाव पुढेही येत राहील.

एका फेरीत एसीपीच्या भेटी अशा होतात. मागच्या मॉड्यूलचा एसीपी या मॉड्यूलच्या केएसला साखळी देतो, याला साखळीचं स्थलांतर म्हणू. या मॉड्यूलचा स्वतःचा एसीपी एटीकडून नवा तुकडा घेतो. मग तोच एसीपी आपल्या केएसकडे जातो आणि साखळी लांबते. त्यानंतर केआर असेल तर त्याची भेट, आणि शेवटी पुढच्या मॉड्यूलचा केएस.

यातली एक बाब नीट लक्षात ठेवा. केएसला दोन वेगवेगळे एसीपी दोन वेगवेगळ्या कामांसाठी भेटतात, आणि दोन्ही वेळा एसीपीचा वेगळा भाग पुढे असतो. खोसलांच्या गटाने २०१० ते २०१२ या काळात दाखवलं की स्थलांतरात एसीपीच्या पहिल्या हेलिक्सचा वाटा मोठा असतो, तर लांबणीच्या वेळी त्यानंतर येणाऱ्या लूपचा. पहिल्या हेलिक्सचा भाग बदलून त्यांनी एका मॉड्यूलला साखळी आपल्याच केएसकडे परत द्यायला लावली, आणि त्या मॉड्यूलने लागोपाठ दोनदा साखळी लांबवली. सक्रिय केंद्रांना हात न लावता, फक्त ओळखीचा पृष्ठभाग बदलून यंत्रणेचा क्रमच बदलला. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी हा एक.

तुमच्या रचनेसाठी या भेटींचा तक्ता कागदावर काढा. प्रत्येक भेटीपुढे लिहा: दोन्ही प्रथिनं मूळची एकमेकांची आहेत, की परकी? परकी जोडी दिसली की ती लाल शाईने ठळक करा. हा कागद पुढच्या सगळ्या निर्णयांचा आधार राहील.

मोजता येईल असा छोटा नमुना निवडा

सहाही मॉड्यूलं घेऊन सुरुवात करू नका. लोडिंग डोमेन (साखळीचा पहिला तुकडा घेणारं), मॉड्यूल १, मॉड्यूल २ आणि त्याला जोडलेलं टीई एवढं पुरतं. टीई मूळच्या जागेवरून उचलून आधीच्या मॉड्यूलला लावण्याची युक्ती लेडले यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवली आणि तेव्हापासून ती सगळे वापरतात. एक प्रोपिओनिल-सीओए आणि दोन मिथाइलमॅलोनिल-सीओए (सीओए म्हणजे कोएन्झाइम ए, तुकडा वाहून आणणारा) मिळून ट्रायकेटाइड लॅक्टोन, म्हणजे तीन तुकड्यांच्या साखळीचं वलय, तयार होतो. सूत्र सी९एच१६ओ३, वस्तुमान १७२. मास स्पेक्ट्रोमेट्रीत एक प्रोटॉन धरलेला १७३.१२ चा आयन शोधायचा.

ही मॉड्यूलं वेगवेगळी प्रथिनं म्हणून बनवा आणि डॉकिंग डोमेनच्या, म्हणजे प्रथिनांच्या टोकांना असलेल्या एकमेकांना धरणाऱ्या छोट्या भागांच्या, जोडीने जोडा. मग एका वेळी एकच सुटा भाग बदलता येतो, बाकीचं सगळं स्थिर राहतं. प्रत्येक प्रयोगात मूळची, न बदललेली जोडी सोबत चालवाच. तिच्या गतीच्या टक्केवारीतच तुमचा निकाल सांगायचा.

ही अट का, ते दोन प्रसिद्ध अभ्यासांवरून कळेल. २००५ मध्ये कोसान बायोसायन्सेसच्या संशोधकांनी आठ यंत्रणांमधली १४ मॉड्यूलं घेऊन दोन-दोनच्या १५४ जोड्या बनवल्या. ई. कोलायमध्ये त्यांपैकी जवळपास निम्म्यांनी पदार्थ तयार केला. ऐकायला फार आशादायक वाटतं. पण पदार्थ ‘आढळला’ आणि पदार्थ ‘पुरेसा बनला’ यांत मोठा फरक असतो. २०१६ मध्ये माया क्लाउस, खोसला आणि सहकाऱ्यांनी एरिथ्रोमायसिन, रिफामायसिन आणि रॅपामायसिन यंत्रणांमधली मॉड्यूलं मिसळून ११ द्विमॉड्यूली आणि ८ त्रिमॉड्यूली रचना शुद्ध प्रथिनांवर तपासल्या. पदार्थ बऱ्याच रचनांनी दिला, पण जवळजवळ सगळ्यांची गती मूळच्या दहा टक्क्यांखाली होती.

त्याच अभ्यासात पुढे एक निर्णायक तुलना आहे. मागच्या मॉड्यूलचं केआर बदलून त्यांनी साखळीची त्रिमितीय घडण उलटी केली, म्हणजे पुढच्या मॉड्यूलला वेगळा रेणू दिला. तरी सहा वेगवेगळ्या पुढच्या मॉड्यूलांपैकी एकाचीही गती बदलली नाही. उलट एका रचनेत एसीपीवरचं, केएसशी ओळख ठरवणारं एक अमिनो आम्ल बदलताच काम सुधारलं. रेणू बदलला तर फरक नाही, पृष्ठभाग बदलला तर फरक. या लेखाचा सगळा आग्रह या निष्कर्षावर उभा आहे.

कुठे कापायचं

कुठेही कापा, एक तरी भेट परकी होणारच. प्रश्न एवढाच असतो की कोणती भेट परकी झालेली परवडेल.

जुनी आणि सरळ पद्धत म्हणजे एसीपी संपल्यावर आणि पुढचा केएस सुरू होण्याआधी कापायचं. मॉड्यूलच्या आतल्या सगळ्या भेटी शाबूत राहतात, पण स्थलांतराची भेट परकी होते. आणि बहुतेक रचना नेमक्या तिथेच अडतात.

दुसरी पद्धत २०१७ च्या सुमारास जोमाने पुढे आली. टेक्सासचे एड्रियन कीटिंज-क्ले यांनी मॉड्यूलची सीमाच नव्याने आखावी असं मांडलं: केएसला त्याच्या मागच्या एसीपीचा सोबती माना आणि केएसच्या नंतर कापा. टोक्योतल्या इकुरो आबे यांच्या गटाचं कामही याच दिशेचं. उत्क्रांतीत केएस बहुधा मागच्या डोमेनांसोबतच प्रवास करतो, कारण आपल्याला येणारी साखळी योग्य आहे का हे तपासण्याचं काम त्याच्याकडे असतं. इथे स्थलांतराची भेट मूळची राहते, पण लांबणीची भेट, म्हणजे केएस आणि त्याच मॉड्यूलचा एसीपी, परकी होते. शिवाय केएस आणि एटी यांना जोडणारा पट्टा, म्हणजे लिंकर, नाजूक असतो. तिथे चुकीच्या ठिकाणी कापलं तर प्रथिन विरघळतच नाही.

तिसरा मार्ग क्लाउस आणि फ्रँकफर्टचे मार्टिन ग्रिनिंगर यांनी खोसलांच्या गटासोबत २०१९ मध्ये तपासला. मॉड्यूल मध्येच दुभंगायचं, साखळी जोडणारा भाग एकीकडे आणि प्रक्रिया करणारा भाग दुसरीकडे, आणि दोघांना सहसंयुज बंधाविना जोडायचं. हा मार्गही चालला.

माझा सल्ला असा: एकाच लक्ष्यासाठी पहिल्या दोन्ही पद्धतींनी रचना बनवा. कोणती चालेल हे कागदावरून सांगता येत नाही, आणि जनुकसंश्लेषण आता इतकं सोपं झालंय की एकाच सीमेवर सगळा डाव लावायची गरज उरलेली नाही. फक्त एटी बदलून वेगळा तुकडा बसवायचा असेल तर संपूर्ण मॉड्यूल हलवू नका. बर्कलेतल्या जे कीसलिंग यांच्या गटाने २०१७ मध्ये एटी अदलाबदलीच्या सीमा पद्धतशीर तपासल्या आहेत. एटीच्या आधीचा लिंकर आणि नंतरच्या लिंकरचा पहिला भाग एटीसोबत नेला की रचना अधिक टिकाऊ होते.

सीमा ठरवताना एका अनुक्रमावर विसंबू नका. अँटीस्मॅश या ऑनलाइन साधनावर जनुकांचा गुच्छ टाकून डोमेनं ओळखा, मग सजातीय पंधरा-वीस मॉड्यूलं एकाखाली एक मांडा. जिथे अनुक्रम सैल आणि बदलता दिसतो, रचनेच्या अंदाजातही हेलिक्स किंवा पत्रा नसतो, तिथे कापा. याच कामासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत देबाशीष मोहंती आणि राजेश गोखले यांच्या गटांनी २००३-०४ मध्येच डेटाबेस आणि साधनं उभी केली होती, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवं.

डॉकिंग डोमेन: ओळखीचं पहिलं दार

गोखले यांचं नाव इथे आणखी एका कारणासाठी घ्यायचं. खोसलांच्या प्रयोगशाळेत असताना १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत दाखवलं की मॉड्यूलांच्या टोकांना असलेले छोटे भाग योग्य जोडीचे ठेवले, तर एरवी न बोलणारी मॉड्यूलंही साखळीची देवाणघेवाण करतात. तिथून डॉकिंग डोमेन हा अभियांत्रिकीचा विषय झाला.

मागच्या प्रथिनाच्या सी-टोकाला काही हेलिक्स असतात आणि पुढच्या प्रथिनाच्या एन-टोकाला साधारण तीस अमिनो आम्लांची गुंफलेली जोडी. लेडले आणि किरा वाइसमन यांच्या गटाने २००३ मध्ये एनएमआरने ही रचना सोडवली. जोडी ठरते ती मुख्यतः काही मोक्याच्या जागांवरच्या विद्युतभारांवरून, धन समोर ऋण. दोन्हीकडे सारखाच भार आला की जोडी बिघडते. त्यामुळे परकी डॉकिंग डोमेनं वापरायची झाल्यास निदान या जागांचे भार तरी ताडून पाहा.

हे बंधन मुळात सैल असतं, काही दहा मायक्रोमोलारच्या पातळीचं. याचा प्रयोगावर थेट परिणाम होतो आणि तो फार जण मोजत नाहीत. वियोजन स्थिरांक ५० मायक्रोमोलार धरा आणि दोन्ही प्रथिनं २ मायक्रोमोलार घाला. गणित केलं तर कुठल्याही क्षणी फक्त ४ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं जोडलेली असतात. दाता प्रथिन, म्हणजे साखळी देणारं मागचं, २० मायक्रोमोलार केलं तर पुढच्या प्रथिनाचा सुमारे २८ टक्के भाग जोडलेला राहतो. म्हणून रचना मंद दिसली की पहिला आणि सर्वांत स्वस्त प्रयोग हाच: दाता प्रथिनाचं प्रमाण वाढवत न्या. गती वाढत गेली तर अडचण डॉकिंगमध्ये आहे. गती हललीच नाही तर दार उघडं आहे, अडचण आत कुठेतरी.

डॉकिंगच दोषी निघालं तर सिन्झिप वापरा. एमआयटीतल्या एमी कीटिंग यांच्या गटाने तयार केलेल्या या कृत्रिम हेलिक्सच्या जोड्या आहेत, नॅनोमोलार पातळीवर घट्ट बसणाऱ्या आणि आपल्याच जोडीदाराला ओळखणाऱ्या. वर सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासात नैसर्गिक डॉकिंग डोमेनांच्या जागी त्या बसवल्या तेव्हा यंत्रणा चांगली चालली. निवडताना जोडी समांतर आहे की प्रतिसमांतर ते पाहा, कारण त्यावर दोन्ही टोकं एकमेकांपासून किती लांब राहतील हे ठरतं. आणि सिन्झिपच्या आधी ग्लायसिन-सेरिनचा थोडा लवचीक लिंकर ठेवा. कायमचं जोडायचं असेल तर ऑक्सफर्डमधून २०१२ मध्ये आलेली स्पायटॅग-स्पायकॅचर जोडी आहे. ती सहसंयुज बंध बनवते. मी ती अखेरचा पर्याय म्हणून ठेवेन, कारण स्पायकॅचर हे स्वतः एक डोमेन आहे आणि एसीपीच्या हालचालीत त्याची अडचण होऊ शकते.

एक सावधगिरी. केएस नेहमी जोडीने, म्हणजे द्विलक म्हणून काम करतो, आणि एन-टोकाची गुंफण ही जोडी टिकवायला मदत करते. ती काढून सिन्झिप लावल्यावर प्रथिन द्विलक राहिलंय ना, हे जेल फिल्ट्रेशनवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारा कॉलम) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एसीपी आणि केएसचा पृष्ठभाग सुधारणं

डॉकिंग घट्ट केल्यावरही गती वाढली नाही तर आता खरा प्रश्न समोर आला. दोन्ही प्रथिनं शेजारी आहेत, पण एसीपी केएसवर नीट बसत नाही.

मॉडेल बनवायला अल्फाफोल्ड या प्रथिनरचनेचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामची बहुप्रथिनी आवृत्ती वापरता येते, कोलॅबफोल्डवर फुकटात. पण तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी तिची परीक्षा घ्या. ज्या मूळच्या जोड्या काम करतात हे ठाऊक आहे त्या चालवा आणि ज्या करत नाहीत त्याही चालवा. दोन्हींचे गुण वेगळे येत नसतील, तर तुमच्या परक्या जोडीबद्दल ते मॉडेल काहीच सांगत नाही. या भेटी क्षणिक आणि सैल असतात, अशा बाबतीत अंदाज हमखास डळमळतो. मॉडेलमधून फक्त पृष्ठभागावर समोरासमोर कोणती अमिनो आम्लं येऊ शकतात याची यादी घ्या. एसीपीची दुसरी हेलिक्स बहुतेक सगळ्याच भेटींत पुढे असते, स्थलांतरासाठी पहिली.

यादीतून बदल निवडण्याची माझी पसंतीची रीत: ज्या केएसला साखळी द्यायची आहे, त्याचा मूळचा दाता एसीपी शोधा. तुमच्या एसीपीसोबत तो मांडा, आणि फक्त पृष्ठभागावरच्या, भार बदलणाऱ्या जागा मूळ दात्यासारख्या करा. एका वेळी एक किंवा दोन. गाभ्यातली जलविरोधी अमिनो आम्लं आणि सेरिनच्या आजूबाजूचा डीएसएल हा ठराविक अनुक्रम यांना हात लावू नका. आणि प्रत्येक बदल एसीपीच्या इतर भेटींवर काय करेल ते पहिल्या कागदावर ताडून पाहा. केएससाठी चांगला ठरलेला बदल केआरची किंवा आपल्याच केएसची भेट बिघडवू शकतो.

भेट खरंच होते का, हे थेट पाहायचं असेल तर क्रॉसलिंकिंग आहे. सॅन डिएगोतल्या मायकेल बर्कार्ट यांच्या गटाने एसीपीच्या दांड्यावर असे प्रतिक्रियाशील तुकडे बसवण्याच्या पद्धती विकसित केल्या की एसीपी केएसच्या सक्रिय केंद्रात शिरला तर तिथेच अडकून बसतो. जेलवर वर सरकलेला पट्टा दिसतो. हे रसायन बनवणं सोपं नाही, रसायनशास्त्रातल्या सहकाऱ्याची सोबत लागेल.

प्रथिनं बनवणं

स्ट्रेप्टोमायसीससारख्या जिवाणूंच्या जनुकांत जी आणि सी यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा ई. कोलायसाठी कोडॉन बदलून घेतलेलं जनुक मागवा. यजमान म्हणून बीएपी१ हा वाण घ्या. खोसलांच्या गटाने २००१ मध्ये तो तयार केला आणि त्यात बॅसिलस सब्टिलिसचं एसएफपी हे एन्झाइम आधीच बसवलेलं आहे. एसीपीवर दांडा तेच बसवतं. दांडा नसलेला एसीपी कशाच्याच कामाचा नाही, आणि फसलेल्या कितीतरी प्रयोगांचं मूळ एवढंच असतं.

वाढ ३७ अंशांवर, पण जनुक चालू करण्याची प्रेरणा देण्याआधी १८ अंशांपर्यंत थंड करा, त्यासाठीचं रसायन आयपीटीजी कमी, ०.१ मिलिमोलारच्या आसपास, आणि रात्रभर ठेवा. निकेल कॉलमनंतर आयन-एक्स्चेंज कॉलम चालवा, कारण दीड लाख डाल्टनची प्रथिनं सहज तुटतात आणि तुकडेही निकेलला चिकटतात. ग्लिसरॉल घालून छोट्या भागांत उणे ८० अंशांवर साठवा. पुन्हा पुन्हा गोठवू नका.

दांडा बसलाय का हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासा. एसीपीचं वजन ३४० डाल्टनने वाढायला हवं. अख्ख्या मॉड्यूलचं वजन इतक्या बारकाईने मोजणं कठीण जातं, तेव्हा ट्रिप्सिनने तोडून सेरिनवाला पेप्टाइड शोधा. दांडा असलेला पेप्टाइड तोडताना २६१.१ चा ठराविक आयन बाहेर पडतो. तो दिसला की खात्री. अर्धवट बसला असेल तर वेगळं एसएफपी, सीओए आणि मॅग्नेशियम घालून काम पूर्ण करून घ्या.

गती मोजणं

दोन पद्धती एकत्र वापरा. पहिली, केआर वापरत असलेला एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरवर कमी होताना पाहणं. मॉड्यूल १ आणि २ या दोन्हींत केआर आहे, म्हणून एका लॅक्टोनमागे दोन एनएडीपीएच. मूळची यंत्रणा शुद्ध प्रथिनांत मिनिटाला साधारण एक फेरी करते. एन्झाइम २ मायक्रोमोलार असेल तर मिनिटाला ४ मायक्रोमोलार एनएडीपीएच संपतो, म्हणजे एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये शोषण मिनिटाला सुमारे ०.०२५ ने घटतं. तुमची रचना दहा टक्क्यांवर चालत असेल तर घट ०.००२५. इतकी घट उपकरणाच्या सरकण्यात सहज हरवते. त्यामुळे मंद रचनांसाठी एनएडीपीएचचा आकडा कधीही एकटा देऊ नका. दुसरी पद्धत, म्हणजे एलसी-एमएसवर प्रमाणित लॅक्टोनशी तुलना करून केलेली मोजणी, सोबत हवीच.

मिथाइलमॅलोनिल-सीओए महाग पडतो. मॅटबी एन्झाइम, मिथाइलमॅलोनेट, सीओए आणि एटीपी घालून तो नळीतच बनवता येतो. डीईबीएसला त्याचं २एस रूप लागतं, तेव्हा रूप पालटणारं एपिमरेजही घाला.

नियंत्रण प्रयोग तीन तरी हवेत: पुढचं मॉड्यूल वगळून, मागच्या मॉड्यूलच्या एसीपीतलं सेरिन अ‍ॅलॅनिनमध्ये बदलून, आणि प्रोपिओनिल-सीओए न घालता. तिसऱ्यात थोडा पदार्थ दिसला तर दचकू नका. केएस मिथाइलमॅलोनिलमधला कार्बन डायऑक्साइड काढून स्वतःच प्रोपिओनिल तयार करू शकतो. तेवढा भाग वजा करायचा.

बफरमधल्या क्षाराकडेही लक्ष द्या. या ओळखी बऱ्याचशा विद्युतभारांवर चालतात, म्हणून क्षार वाढवल्यावर गती कशी बदलते हा स्वतंत्र माहितीचा स्रोत आहे. वेगवेगळ्या बफरमध्ये मोजलेल्या दोन रचनांची तुलना मात्र करू नये.

अडलं कुठे, हे शोधणं

रचना मंद आहे, प्रथिन चांगलं आहे, दांडा बसलेला आहे. आता दोष रेणूचा की ओळखीचा, हे वेगळं काढणारा एक प्रयोग आहे आणि तो वगळू नये. साखळीचा तयार तुकडा एन-अ‍ॅसिटिलसिस्टिअमिनवर बसवून, म्हणजे स्नॅक थायोएस्टरच्या रूपात, थेट पुढच्या मॉड्यूलला द्या. स्नॅक हा दांड्याच्या टोकाची नक्कल आहे, पण त्याला एसीपी नाही. साखळी मागच्या प्रथिनाशिवायच केएसपर्यंत पोहोचते. मिलिमोलार प्रमाणात द्यावा लागतो.

स्नॅकवर मॉड्यूल नीट चालतं आणि एसीपीकडून आलं की मंदावतं? मग सक्रिय केंद्राला रेणू चालतो. सगळी मेहनत डॉकिंगवर आणि एसीपी-केएस पृष्ठभागावर खर्च करा. स्नॅकवरही चालत नाही? मग केएस, किंवा शेवटी टीई, रेणू नाकारत असेल. टीईची शंका असेल तर टीई नसलेल्या मॉड्यूलवर साखळी लांबून एसीपीवर साचते का, हे दांड्याच्या आयनने तपासा; साखळी लटकलेली असेल तर तो २६१ वर न येता तिच्या वजनाइतका वर सरकतो.

रेणूची निवड अजिबात महत्त्वाची नाही, असं मी म्हणणार नाही. ग्रिनिंगर यांच्या गटाने २०२० मध्ये केएसमधल्या काही जागा बदलून परक्या रचनांचं काम सुधारलं आणि केएसची निवडही बंधनकारक ठरू शकते हे दाखवलं. म्हणूनच आधी निदान. केएसची सक्रिय पोकळी रुंद करायला घेऊन वर्ष घालवायचं आणि अडचण मुळात हातोहात देण्यात होती असं शेवटी निघायचं, यासारखं नुकसान नाही.

नॉनरायबोसोमल पेप्टाइडवाल्यांसाठी

रायबोसोमशिवाय अमिनो आम्लं जोडणाऱ्या पेप्टाइड सिंथेटेजमध्ये काम करत असाल तर विचार हाच, नावं वेगळी. टायरोसिडिन या पेप्टाइड प्रतिजैविकावर काम करताना मारबुर्गच्या हान आणि स्टाखेलहाउस यांनी २००४ मध्ये कॉम डोमेन दाखवले. प्रथिनांच्या टोकांचे हे छोटे भाग बदलून कोण कोणाशी बोलेल ते बदलता येतं. कापण्यासाठी फ्रँकफर्टच्या हेल्गे बोडे यांच्या गटाने २०१८ मध्ये सी (अमिनो आम्लं जोडणारं) आणि ए (अमिनो आम्ल निवडणारं) डोमेनांमधला लिंकर निवडला, आणि २०१९ मध्ये सी डोमेनच्या दोन पाळींमधली जागा. दुसरी पद्धत सी डोमेनची निवड बऱ्याच अंशी टाळते, म्हणून नवख्यांनी तिथून सुरुवात करावी असं मला वाटतं. सिन्झिप त्याच गटाने पेप्टाइड यंत्रणांतही वापरले आहेत.

नळीतून पेशीत

शुद्ध प्रथिनांवर मूळच्या गतीच्या निदान पाव भाग गाठल्याशिवाय पेशीत जाऊ नका. हा माझा अनुभवाने ठरवलेला उंबरठा आहे, कुठला नियम नव्हे. पेशीत प्रिकर्सरचा, म्हणजे कच्च्या मालाचा, पुरवठा, प्रथिनांचं प्रमाण, तुटणं असे इतके नवे घटक येतात की मंद रचनेत दोष कुठला हे पुन्हा ओळखता येत नाही.

ई. कोलायमध्ये मिथाइलमॅलोनिल-सीओए मुळात नसल्यासारखाच असतो. तो बनवणारं प्रोपिओनिल-सीओए कार्बोक्झिलेज सोबत द्यावं लागतं आणि माध्यमात प्रोपिओनेट घालावा लागतो. तापमान २२ अंशांच्या आसपास ठेवा. मोठ्या यंत्रणेसाठी मी स्ट्रेप्टोमायसीसकडे वळेन, विशेषतः एस. सीलिकलरच्या एम११५२ किंवा एम११५४ या वाणांकडे. त्यांचे स्वतःचे मोठे गुच्छ काढून टाकलेले असल्यामुळे तुमचा पदार्थ गर्दीत हरवत नाही. डीईबीएस स्वतः १९९४ मध्ये पहिल्यांदा परक्या यजमानात चालली तीही सीलिकलरमध्येच, सीएच९९९ या वाणात.

पुण्यात हे काम करणाऱ्यांना तर हाताशी इतिहासच आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिनातून हॅमायसिन मिळालं. ते पॉलिईन आहे, म्हणजे अशाच लांब पॉलिकेटाइड सिंथेजची निर्मिती. पॉलिईनच्या यंत्रणांत मॉड्यूलं डझनाहून जास्त आणि प्रथिनं कितीतरी, त्यामुळे डॉकिंगच्या जोड्याही भरपूर. असा गुच्छ हाती आला तर पहिल्या दिवशी मॉड्यूल बदलायला घेऊ नका. सगळ्या प्रथिनांची टोकं कापून एकाखाली एक मांडा, मोक्याच्या जागांचे भार लिहा, आणि कोणतं सी-टोक कोणत्या एन-टोकाशी जुळतं ते आधी कागदावर लावून पाहा. गुच्छातला जनुकांचा क्रम आणि या जोड्यांवरून निघणारा क्रम वेगळा आला, तर साखळी कोणत्या मार्गाने वाढते हे ठरवायला जोड्यांवर जास्त भर द्या, आणि मॉड्यूल कुठे बदलायचं ते त्यानंतर निवडा.